गणितातून सूट

विशेष शिक्षिकेकडे किस्से साठतात ते घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण एक दिवस गादी उचलावी तर खाली ढीग! परवा आम्ही चार रिटायर्ड मास्तरणी एकीच्या घरी चहाला जमलो. मी एक किस्सा काढला, तर त्याला धरून दुसरा निघाला. बाकीच्या तिघी हसत होत्या. मला मात्र सांगतानाही तेव्हाइतकाच राग येत होता, आणि तो यायलाच हवा असं माझं मत आहे.

*

नव्वदच्या दशकात मी गंगापूर रोडच्या एका हायस्कुलात रुजू झाले. अंध, कर्णबधिर, अभ्यासात मागे पडणारी मुलं साध्या शाळेत इतरांबरोबर शिकावीत अशी योजना होती आणि त्यांना मदत करायला माझी नेमणूक. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणायचे. त्यांनी मला जिन्याखालची खोली दिली. आत लेझीम, डंबेल्स आणि हवा गेलेले व्हॉलीबॉल होते. "तुमच्या मुलांना शांतता लागते ना," सर म्हणाले. खोलीच्या दाराबाहेरच शाळेची घंटा टांगलेली होती.

'तुमची मुलं' हे तिथून सुरू झालं. वर्गात जो कोणाला नको तो माझ्याकडे यायला लागला. एकदा आठवीतला चांगला धडधाकट मुलगा चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हा डाव्या हाताने लिहितो. तुमच्यात बसतो का पाहावे.'

मी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, 'मीही डाव्याच हाताने लिहिते.' खाली सही केली आणि मुलाला परत पाठवलं. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझं काही बिघडलं नाही.

*

यमुना आमच्याकडे आठवीत आली. पेठ तालुक्यातली, जन्मापासून अंध, मुलींच्या वसतिगृहात राहायची. सातवीपर्यंत अंधशाळेत शिकलेली. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं की गणिताचं पुस्तक ब्रेलमध्ये कधी मिळेल. तिला अकरावीला कॉमर्स घ्यायचं होतं आणि पुढे बँकेत लागायचं होतं. ते तिचं ठरलेलं होतं.

आणि शाळेचंही ठरलेलं होतं! अंध मुलांना दहावीला गणिताऐवजी दुसरा विषय घेता यायचा. ज्याला हवी त्याने ही सूट जरूर घ्यावी. पण आमच्या शाळेत ती विचारून मिळत नव्हती, गळ्यात मारली जात होती. कारण एकच. एखादं मूल गणितात गेलं तर शंभर टक्के निकालाचा बोर्ड गेटवर कसा लावणार?

तेव्हा सरांनी फर्मान काढलं की गणिताच्या तासाला यमुनाने गायनाला बसावं. "आंधळ्या मुलांचा गळा गोड असतोच," असं त्यांनी मला समजावलं, जणू काही मी या विषयात नवीन होते.

यमुना बेसूर होती. साधीसुधी नाही, मनापासून बेसूर. आणि आवाज असा खणखणीत की बाकीची पंचवीस मुलं तिच्यामागून जायची. तीन आठवड्यांनी गायनाच्या बाई जिन्याखाली आल्या, दार लावून घेतलं आणि हात जोडून म्हणाल्या, "बाई, हिला गणितच द्या हो."

*

अशी ती गणिताच्या वर्गात पोचली. तिथे कुलथे सर भूमिती शिकवत. त्यांची पद्धत ठरलेली होती. फळ्यावर आकृती काढायची आणि पट्टी आपटत म्हणायचं, "हा कोन बघा, हा कोन बघा, म्हणून हा आणि हा समान."

मी यमुनाला पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून त्रिकोण करून दिले होते. ती बोटांनी कोन शोधत बसायची. एक दिवस तिने उभी राहून विचारलं, "सर, हा म्हणजे कोणता?"

सर तडकले. ते म्हणाले की ज्यांना दिसतं त्यांना विचार. तिने लगेच शेजारच्या मुलीला विचारलं. त्या मुलीलाही माहीत नव्हतं. मागच्या बाकावरही माहीत नव्हतं. अख्ख्या वर्गाला दिसत होतं आणि कोणालाच कळत नव्हतं! पोरं आजवर नुसती माना हलवत होती.

सरांनी स्टाफरूममध्ये येऊन तक्रार केली की यमुना वर्ग बिघडवते. मी म्हटलं, वर्ग तिने बिघडवला नाही, बिघडलेला दाखवून दिला. मग मला लेखी खुलासा द्यावा लागला. दिला.

*

ती नववीत असताना शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. यमुनाने आणि मी मिळून सुतळी, मणी आणि टाचण्यांची भूमितीची पेटी केली होती. प्रदर्शनाच्या दिवशी बघते तर पेटीवर कार्ड लावलेलं, 'मार्गदर्शक : मुख्याध्यापक.' आणि पेटीशेजारी खुर्चीवर यमुनाला बसवलेलं, तिच्या पुढ्यात दुसरं कार्ड, 'दृष्टिहीन विद्यार्थिनी.' वस्तूंना लावतात तसलंच कार्ड! तिला कोणी ते वाचूनही दाखवलं नव्हतं. मी वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली की असू दे बाई, लोक पेटी तरी बघतील.

लोकांनी पेटी बघितली नाही. पाहुणे आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळव्या आवाजात विचारलं, "बाळ, तुला स्वप्नं पडतात का गं?"

"पडतात ना," यमुना म्हणाली. "काल मला गणितात सूट मिळाल्याचं पडलं. घाबरून उठले."

पाहुणे कौतुकाने हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पाहुण्यांबरोबर आलेले मोठे सर नाही हसले. त्यांना कळलं होतं.

*

त्याच वर्षीच्या सहामाहीत तिला गणितात एकसष्ट गुण पडले. ती तोंडाने सांगायची आणि लेखनिक मुलगी लिहायची. लेखनिक खालच्या वर्गातली असावी असा नियम आहे, म्हणून मी आठवीतली दिली होती.

कुलथे सरांचं म्हणणं पडलं की पेपर लेखनिकेनेच सोडवला. मी त्यांना त्या मुलीचे स्वतःचे गणिताचे गुण दाखवले. ती काठावर पास होती. पण ऐकायचं नाही म्हटल्यावर कोण ऐकतो? फेरपरीक्षा ठरली, नवा पेपर काढला आणि या वेळी लेखनिक पाचवीतली. तिला वर्गमूळ हा शब्दसुद्धा यमुनाने सुटा सुटा करून सांगितला. चिन्ह कसं काढायचं ते बाकावर बोटाने काढून शिकवलं. दोन पर्यवेक्षक डोक्यावर उभे!

अडुसष्ट पडले.

मी निकाल घेऊन स्टाफरूममध्ये गेले आणि कुलथे सरांना म्हटलं, "सर, पुढच्या वेळी बालवाडीतलं मूल देऊ का? पंचाहत्तरपर्यंत जाईल." कोणी हसलं नाही. राग मला एकटीलाच यायचा असं नाही, पण बाकीच्यांचा राग माझ्यावर होता.

*

दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा मोठ्या सरांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. सरळ यमुनाच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते त्या दिवसांत दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत छाटणीला आले होते. एक दिवसाचं काम बुडवून, हातात टोपी धरून ऑफिसात उभे राहिले. मला यमुनानेच धावत येऊन सांगितलं. मी तिच्याबरोबर आत शिरले, तोवर टेबलावर सवलतीचा अर्ज भरून तयार होता आणि शेजारी शाईचं पॅड उघडून ठेवलेलं होतं.

सर त्यांना समजावत होते. फार गोड बोलत होते. मुलीवरचं ओझं कमी होईल, ती आरामात पास होईल, सरकार इतकं देतंय तर घ्यावं. मी मध्ये बोलायला गेले तर मला म्हणाले, "बाई, पालकांना ठरवू द्या." यमुना भिंतीला टेकून उभी होती. वडिलांपुढे आणि सरांपुढे एकदम बोलायची तिची छाती झाली नाही, आणि मी तिला दोष देणार नाही.

वडिलांनी मान डोलावली, पॅडवर अंगठा दाबला. तो अर्जाकडे नेता नेता थांबले.

"सायेब, सूट म्हंजी काय व्हनार?"

"म्हणजे तिला गणित द्यायचं नाही. बाकी सगळं मिळेल."

अंगठा तसाच वर धरलेला.

"सरकारचं आपून नाय नेलं तं ते पडून ऱ्हात नाय," ते म्हणाले. "दुसरं कोनीतरी नेतं. मंग माझ्या पोरीच्या वाटंचं गनित कोन नेनार, तेवढं सांगा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्जाकडे पाहिलं. यमुनाच्या वडिलांनी शाईचा अंगठा आपल्या पायजम्याला नीट पुसून टाकला.