फे का हे

लोखंड कसं चमकवायचं हे मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. चोवीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली होती. तिथं डायवर, म्हणजे साच्यावर, केसाएवढा ओरखडा राहिला तरी इन्स्पेक्शनवाला माल परत पाठवायचा आणि चारचौघांत शोभा व्हायची. त्यामुळं डाग दिसला की माझे हात शिवशिवायचे. बायकोचे पितळी डबेसुद्धा मी सोडले नव्हते. या खोडीपायी मी माझ्या वडलांचं काय करून ठेवलं, ते आज सांगून टाकतो.

वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. फुलंब्रीच्या पलीकडं आमचं गाव. तिथं माझे आजोबा पोलीस पाटील होते. त्यांच्याकडं एक रिव्हॉल्व्हर होतं. गावात त्याला सगळे पिस्तूलच म्हणायचे. आजोबा म्हणायचे, जहागीरदाराच्या गोठ्यात शिरलेलं वाघरू मी मारलं, म्हणून त्यानं मला हे इनाम दिलं. गाव म्हणायचं, कशाचं वाघरू न् कशाचं काय! रझाकारांना घरं दाखवली, त्याची ही बक्षिसी. गावातली दोन घरं रझाकारांनी जाळली होती, ते खरंच होतं. घरं कुणी दाखवली, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. पण हातात पिस्तूल एकाच्याच होतं.

पोलीस ॲक्शन झाली आणि आजोबांचे दिवस फिरले. अंगाला कुणी हात लावला नाही, पण विहिरीवर आजीचा पोहरा बाजूला सारायला लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात आजोबा गेले. खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी मोमीन आळीतले दोघं आले, तेव्हा तिरडी उचलली गेली. अण्णा त्या वेळी नऊ-दहा वर्षांचे असतील. मग त्यांच्या आत्यानं त्यांना शहरात आणलं, तेव्हाच्या औरंगाबादला. थोरला भाऊ गावातच राहिला आणि पिस्तूलही त्याच्याकडंच राहिलं.

अण्णांनी पुढं बापाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी ‘कैलासवासी’ लिहून आजोबांचं नाव घातलं होतं. अण्णांनी ते माझ्यासमोर लाल पेनानं खोडलं. मी भडकलो, लई बोललो. ते म्हणाले, “छापायचं आसंल तर मी लग्नाला येत नाय.” विषय तिथंच संपला.

नोकरी त्यांची तहसिलीच्या रेकॉर्डरूममध्ये. लहानपणी उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून निजामाच्या काळातली जमिनीची कागदं त्यांच्याकडं यायची. निवृत्तीनंतरसुद्धा लोक पिशवीत कागद घालून घरी यायचे. अण्णांचा पहिला सवाल ठरलेला: “सनापुढं काय हाय बघा. फे का हे?” निजामाच्या राज्यात दोन सनं चालायची. सरकारी कागदांना फसली सन आणि लोकांच्या आपसातल्या लिखाणाला बहुतेक हिजरी. आकडा लिहिला की पुढं एक अक्षर टाकायचे. फसली असेल तर ‘फे’, हिजरी असेल तर ‘हे’. आकडा तोच असला तरी दोन्हींत दहाएक वर्षांचा फरक पडतो. एवढ्याशा अक्षरावरून अण्णांनी कितीतरी भावांची भांडणं मिटवली होती.

थोरले चुलते वारले आणि त्यांचं पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. त्यांच्या मुलांना ते नको होतं. मी वारस म्हणून अर्ज टाकला. दोन वर्षं कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठं परवाना माझ्या नावावर झाला. मला वाटलं होतं अण्णा चिडतील. चिडले नाहीत. तोपर्यंत काचबिंदूनं त्यांची नजर जवळपास गेली होती. बाजेवर बसून होते. म्हणाले, “आमचा म्हातारा म्हणायचा, त्येच्यावर लिहिलेलं हाय. मुठीच्या मागं. सन बघ. सनावरून कळंल.”

“काय कळंल?”

“वाघराचं हाय का रझाकाराचं, ते.”

“मग इतकी वर्षं का नाय बघितलं?”

“भ्याव वाटायचं,” अण्णा म्हणाले. सत्तरी उलटलेला माणूस, आणि लहान पोरानं सांगावं तसं सांगितलं. मला गलबलून आलं. मी म्हटलं, आता मी हाय ना, मी बघतो.

क्रांती चौकाच्या मागं हत्यारांचं एक परवानाधारक दुकान होतं. दुकानदार म्हातारा, सावकाश बोलणारा. त्यानं आधी गोळी उडणार नाही असं करून घेतलं. मग भिंग लावून नळीखालचे शिक्के बघितले. विलायती होतं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं, आजोबांच्या जन्माच्या आसपास घडलेलं. मी हरखलो. तो म्हणाला, “हरखू नका. घडवलं कधी ते कळलं, दिलं कधी ते यावरून कळत नाय. अशी हत्यारं दहा हातांतून फिरायची. लिखाण आसंल तरच कळंल.”

मुठीमागच्या पट्टीवर लिखाण होतं, पण वर जंगाचा थर होता. दुकानदारानं मला ताकीद दिली. तेल लावायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायचं, चार दिवसांनी मऊ कापडानं पुसायचं, परत तेल लावायचं. घासायच्या एमरी कागदाला हात लावायचा नाही. “जुन्या लोखंडाचा काळेपणा त्याचा आसतो साहेब, आपण काढायचा नसतो. आन् पुसायच्या आधी फोटो काढा.” मी हो हो म्हटलं, फोटो मात्र काढलाच नाही. मनात म्हटलं, हा बंदुका विकणारा माणूस, याला फिनिशिंगमधलं काय कळतं!

पंधरा दिवस मी नीट वागलो. रोज पाळी सुटली की दुकानात जाऊन बसायचो. तेलानं जंग सुटत गेला आणि हळूहळू रेघा वर आल्या. मला उर्दूचं अक्षर येत नाही, पण आकडे ओळखू येत होते. आकड्यांच्या डाव्या बाजूला एक बारीक वाकडी रेघ होती, आणि तिच्यावर एक ठिपका. त्याच्या आजूबाजूला जंगानं पडलेले तसलेच चार-पाच खड्डे होते.

आता बघा माझी अक्कल. मराठी माणूस डावीकडून वाचतो. मला वाटलं, ओळ आकड्यापासून सुरू होते, तर त्याच्याही आधी काय असणार? ओरखडाच असणार. उर्दू उजवीकडून वाचतात, म्हणजे ती ओळीची सुरुवात नव्हती, ओळीचा शेवट होता. सनापुढचं अक्षर होतं ते. अण्णांच्या घरात वाढलो मी. ‘फे का हे, फे का हे’ ऐकत जेवलो. तरी डोक्यात उजेड पडला नाही.

रविवारी अण्णांना दाखवायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी, शनिवारी, दुकानदार कुणाच्या तरी लग्नाला गेलेला, दुकानात त्याचा मुलगा. मी कारखान्यातून एमरीचा बारीक कागद आणि चमक आणायचा बफ लावलेला लाकडी दांडा घेऊनच आलो होतो. अण्णांच्या हातात असलं खड्डे पडलेलं लोखंड कसं द्यायचं? आयुष्यात पहिल्यांदा बापाची वस्तू हातात घेणार होते ते. मऊ लागली पाहिजे, असं मला मनापासून वाटलं. खोल कोरलेली अक्षरं आणि आकडे मी जपले, वरवरचं सगळं घासलं. अर्ध्या तासात पट्टी आरशासारखी झाली. मी स्वतःवर खूश होऊन पिस्तूल घेऊन शीळ वाजवत घरी आलो.

आमच्या गल्लीच्या टोकाला उर्दू शाळेतले एक निवृत्त सर राहायचे. अण्णांना सांगायच्या आधी एकदा वाचून घ्यावं म्हणून मी त्यांच्याकडं गेलो. सरांनी चष्मा पुसला, पट्टी खिडकीकडं धरली. “इनाम लिखे हैं. तुमारे दादा का नाम है. और ये सन.” मग त्यांनी अंगठ्यानं आकड्याच्या डावीकडं चाचपलं. परत चाचपलं. “मियां, सन के आगे निशानी रहती. ये जगह तो हथेली के माफिक साफ है. क्या करे तुम?”

मी म्हटलं, सर, आकड्यावरून सांगा ना. ते बोटांवर मोजायला लागले. हिजरी धरलं तर जहागीरदाराच्या वाघराचा काळ, रझाकारांच्या दहा वर्षं आधीचा. फसली धरलं तर बरोबर पोलीस ॲक्शनच्या आधीचं वर्ष. जाळपोळीचं.

“ठिपका होता सर,” मी म्हटलं.

“नुक्ता था तो फे है, बेटा. मगर जंग का दाग भी तो नुक्ते के जैसाच दिखता.” मग त्यांनीच आतून पाणी आणून दिलं. मी त्यांच्या ओट्यावर तोंड झाकून बसून राहिलो. कुणी चोरी केली असती, कुणी गहाळ केलं असतं, तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. शिव्या घालायला मीच होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवणं झाल्यावर मी ते अण्णांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी दोन्ही हातांनी नुसतं धरलं. “जड हाय रं,” म्हणाले. मग मूठ उलटी केली आणि उजव्या हाताच्या नखानं पट्टीवरून वाचायला लागले. इनाम. पुढं बापाच्या नावावर नख आलं तिथं ते थांबले. नाव मोठ्यानं उच्चारलं नाही, ओठ मात्र हलले. मग आकडे, एकेक करून चारही. मग नख पुढं सरकलं आणि गुळगुळीत लोखंडावरून घसरलं. परत मागं आणलं, परत घसरलं.

“पुढं? फे का हे?”

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग म्हणलो, “हे.”

“मला लागत नाय.”

“झिजलंय अण्णा. सरांनी भिंगातून वाचलं. हिजरीच हाय. आजोबा खरं बोलत होते.”

“बरं,” अण्णा म्हणाले. बस, एवढंच. मला वाटलं होतं रडतील, हसतील, देव्हाऱ्यापुढं साखर ठेवायला सांगतील. त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर मात्र एक नवीनच सुरू झालं. आठ-पंधरा दिवसांनी, मी जवळ बसलो की विचारायचे, “सरांनी कसं वाचलं रं ते? सांग बरं.” मला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकून बरं वाटतंय. मग मी रंगवून सांगायचो. सरांनी भिंग कसं धरलं, ‘हे’चा गोल कसा स्पष्ट दिसला, सर कसे म्हणाले की तुमचे दादा शेर होते. दर वेळी माझं खोटं थोडं आणखी सजायचं. अण्णा ऐकून घ्यायचे, “बरं” म्हणायचे. मला तेवढंच पुण्य केल्यासारखं वाटायचं. असे आठ महिने गेले.

श्रावणात त्यांना धाप लागायला लागली. दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी जरा हुशार वाटले. चहा पाजून मी कप ठेवायला वळलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“ठिपका व्हता का?”

मी कप खाली ठेवला.

“घासलंस ना तू? चाळीस वर्षं कागदं चाचपली मी. झिजलेलं कसं लागतं न् घासलेलं कसं लागतं, मला कळत नाय व्हय रं?”

मग मी सगळं सांगितलं. बफ, एमरी, डावी-उजवी, ठिपका, सगळं. तो नुक्ता होता का जंग होता, मला खरंच माहीत नाही, आता कुणालाच कधी कळणार नाही, हेही सांगितलं. सांगताना मी लहान पोरासारखा हमसून रडलो. शेजारच्या खाटेवरची माणसं बघत होती. बघू देत.

अण्णांनी मनगट सोडलं नाही. म्हणाले, “फे आसला तरी बापच व्हता ना माझा. त्येच्या नावावर नख आलं तवाच कळलं मला. पुढचं आक्षार मी तुला उगंच विचारलं.” त्यांना दम लागला, थोडं थांबले. “मंग तू ‘हे’ म्हणलास. मी म्हणलं, आज नाय तर उद्या सांगंल पोरगं खरं. म्हणून सारखा विचारायचो तुला. साठ वर्षं झाली, त्येच्यासाठी रडलो नाय मी. संगं रडायला कुणीतरी पाहिजे व्हतं.”

पुढच्या आठवड्यात अण्णा गेले.