मिठागराची भुई

आमची बिल्डिंग मिठागरावर उभी आहे. कागदोपत्री ती सेक्टरात आहे, पण आई पत्ता सांगताना "आमचे आगरान" असंच सांगायची आणि रिक्षावाले गोंधळायचे.

पनवेलच्या खाडीकाठी, नेमकं इथेच, माझ्या आईवडिलांनी मीठ पिकवलं. दिवाळीनंतर दोघं आगराच्या कप्प्यांतला ओला चिखल अनवाणी पायांनी तुडवत, तो टणक होईपर्यंत. चेपलेल्या भुईवरच मीठ पांढरं येतं. भुई कच्ची राहिली की मिठात गाळ मिसळतो. "चिकल बसला का मीठ उभं ऱ्हातं," असं वडील म्हणायचे.

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हा चिखल कुठून आला ते मला पाठ आहे. गाढी नदी माथेरानच्या डोंगराचा कातळ झिजवून आणते. भरतीचं खारं पाणी भेटलं की त्यातले बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. हजारो वर्षं हेच चाललंय. या गाळावर भात झालं, मीठ झालं, गावं पोसली गेली. शेवटी त्यावर मुरूम टाकून आम्ही राहायला आलो. भरावाच्या ओझ्याखाली चिखल अजून दबतोय, त्यातलं पाणी सावकाश निघतंय. बिल्डिंगचा पाया खोल कातळात आहे, ती हलत नाही. अंगण मात्र खचतं. राहायला आलो तेव्हा बिल्डिंगच्या दारात एक पायरी होती. मग दोन झाल्या, मग चार.

आईचे गुडघे आधीच गेलेले. रोज संध्याकाळी खाली जायचं, चपला काढायच्या आणि मातीवर पाय टेकून बसायचं, एवढंच तिचं मागणं. पायऱ्या वाढल्या तसं तेही सुटलं. पायऱ्यांशेजारी उतार बांधावा म्हणून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडले. पावसाळ्यानंतर बघू म्हणाले, आत्ता केला तर तोही खचेल. घरी येऊन मी भांडी आपटली.

"बाय, त्यांचा दोस नाय," आई म्हणाली. "आमी पायानी चेपली ती वीतभर वरची. खालची कुनी चेपलीच नाय."

मला तिचाच राग आला. सगळं अंगण खचतंय आणि ही बाई चूक स्वतःच्या पायांकडे घेतेय!

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शेवटच्या दुपारी शेजारणी म्हणाल्या, आता भुईवर घ्या. जाणाऱ्या माणसाला भुईवर घ्यायची रीतच आहे. आम्ही तिला पलंगावरून उतरवून टाइल्सवर ठेवलं. टाइल्सखाली स्लॅब, स्लॅबखाली पार्किंग. ही कसली भुई? मी धावत खाली गेले. गेटापाशी पाइपासाठी खड्डा खणला होता आणि मुरुमाखालचा निळसर काळा चिखल उघडा पडला होता. ओंजळभर घेऊन आले आणि तिच्या तळपायांना लावला. वास सुटला तशी एका शेजारणीने नाकाला पदर लावला.

आईचे डोळे मिटलेलेच होते. तिने पायाचा अंगठा जरासा दाबला, चिखल त्याच पायाच्या बोटांत चाचपला.

"कच्चा हाय," ती म्हणाली. "अजून बसला नाय."

संध्याकाळी ती गेली. नेण्याआधी तिला आंघोळ घातली, पण पाय मी कुणाला धुऊ दिले नाहीत.