मारुतीवरचा आळ

आमच्या गावात अजून सांगतात, की शेजारच्या दादाने आंघोळ न करता देवळापुढचा गोटा उचलला, म्हणून मारुती कोपला आणि दादाचा खांदा निखळला. हे स्वतः दादाच सांगत फिरायचा. पण मारुतीचा त्यात काही दोष नव्हता. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरायची. दर मंडईला पैजेचा गोटा तोच उचलायचा आणि मी हरायचो, म्हणून त्या वर्षी मी गोट्याला मोहाच्या बियांचं तेल चोळलं होतं.

वैदूने खांदा बसवला. पुढे दादा रोज पहाटे अंगणात मडकं उचलायचा आणि दर दिवशी त्यात मूठभर धान वाढवायचा. खांद्याशी तो बैलाशी बोलावं तसं बोलायचा, "चाल राजा, थांबला काऊन?" मोजायला त्याने मलाच बसवलं होतं. दया येऊन मी एखादा आकडा गाळला, की म्हणायचा, "पुन्हा एकपासून!"

पुढच्या मंडईला त्याने गोटा खांद्यावर घेतला. लोक ओरडत होते आणि मला रडू फुटलं.

"दादा, तेल मीच लावलं होतं."

"मालूम आहे. तीन दिवस तुझ्या हाताले वास येऊन राहिला होता. नाही तं वर्षभर तुले पहाटे कायले उठवलं असतं?"

"मग मारुतीचं नाव काऊन सांगितलं?"

"तुझं सांगितलं असतं तं गावानं तुले ठेवलं असतं का?" गोटा खाली टाकत तो म्हणाला. "मारुतीनं पहाड उचलला, बाबू. हा आळ त्याले काय जड?"