सांगलीच्या वाटेवरचं मौन

पुण्याहून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, प्रयोगापर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर मी दोन नाटकं बसवली, तीही अर्धी खाणाखुणांनी. रंगमंचावर मात्र पाऊल ठेवलं नव्हतं. आता सांगलीत, विश्रामबागला, स्वतः दिग्दर्शित केलेल्या नाटकात स्वतःच उभी राहणार होते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला तर नटी, नाहीतर यापुढे नुसती दिग्दर्शिका. माइक असतात हो, पण बसलेला आवाज माइकवर आणखीच बसलेला वाटतो.

गाडी चालवत होता आमचा व्यवस्थापक दिलीप, आणि माझ्या वाटचंही तोच बोलत होता. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, ते बहुतेक त्यानेच संपवले. रहिमतपूर मागं पडल्यावर दोन्ही अंगांना ऊस लागला आणि पुढे औंधचा डोंगर दिसू लागला. यमाई दिलीपची कुलदेवी. तिला चुकवून पुढं जायची त्याची हिंमत नव्हती.

पायथ्याशी ओटीचं सामान विकणाऱ्या शालनबाईंनी मला बघताक्षणी ओळखलं. टीव्हीवरची खाष्ट सासू मीच.

"आवं, तुमीच न्हवं का त्या? लय वरडता सुनंवर!"

मी हसून घशाकडे बोट दाखवलं.

"मौन आहे त्यांचं," दिलीप म्हणाला.

झालं! मौन म्हणजे नवसाचंच, यात तिथं कुणाला शंका नव्हती.

"कवा (केव्हा) सुटायचं?"

"आज संध्याकाळी, सांगलीत."

शालनबाईंनी मला पाटावर बसवलं, खण-नारळानं ओटी भरली आणि शेजारच्या दोघींना हाका मारल्या. त्या चक्क माझ्या पाया पडल्या. मी दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते, तर त्यांना तो आशीर्वाद वाटला.

"मौन सोडताना पयला शबुद आईच्या नावाचा घ्या, न्हाईतर फळत न्हाई," शालनबाईंनी बजावलं आणि वाटीभर गरम माडगं (हुलग्याची पातळ पेज) हातात दिलं. घसा छान शेकला, पण माझी धाकधूक वाढली. कारण नाटकातलं माझं पहिलंच वाक्य होतं, "मेला एकदाचा!"

सांगलीत तिसरी घंटा झाली. मी विंगेत उभी राहून हळूच "यमाई" म्हटलं. नुसती हवा बाहेर आली. पण पडदा उघडला होता, आता मागं फिरायची सोय नव्हती. आत शिरले आणि होता नव्हता तो जोर लावून ओरडले, "मेला एकदाचा!"

आवाज निघाला. जाडाभरडा, खरखरीत, माझ्या मुळीच ओळखीचा नसलेला. मग हशा आला, आणि तो आधी बाल्कनीतून आला! मला इतकं हायसं वाटलं की पुढचं वाक्यच विसरले. समोरच्या नटानं ते माझ्याऐवजी म्हणून टाकलं. दिग्दर्शिका म्हणून प्रयोगानंतर त्याला झापायला हवं होतं; मी त्याला सांगलीचं भडंग घेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी परतताना साताऱ्याच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. चहावाले काका पाठमोरे दूध उकळत होते.

"एक चहा, साखर कमी," मी म्हटलं.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. एरवी मालिका न बघणारेसुद्धा माझ्या आवाजावर चमकून बघायचे. घरात टीव्ही चालू असला की तो त्यांच्या कानावर पडायचाच. स्पर्धेच्या नाटकातल्या मोलकरणीपासून सिनेमातल्या आईपर्यंत जे काही मिळवलं, ते त्या आवाजावर. तो गेला तर माझं काय उरेल, या भीतीनं मी किती रात्री जागून काढल्या होत्या. आता तो खरंच गेला होता आणि मला मोकळं मोकळं वाटत होतं.

काकांनी कप पुढं केला. "कुठनं आला म्हनायचं?"

"सांगलीहून. नाटक होतं."

"तुमी काम करता व्हय नाटकात? कवापास्नं?"

"कालपासून," मी म्हटलं.