घाट चढणाऱ्या तेलाच्या सुनावण्या

दुभाष्याकडं किस्से लई साचतात. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडं पोचवायचं, स्वतःचं एक वाक्य बोलायचं नाही. मग संध्याकाळी बेळगावच्या टिळकवाडीत मैत्रिणी चहाला जमल्या की मी सुटते.

शाळेतून रिटायर झाल्यावर मला हे काम मिळालं. समुद्रकाठावर उतरणारं कच्चं तेल पाईपलाईननं घाट चढवायचं, खानापूरच्या डोंगरातून बेळगावला आणि पुढं निपाणीच्या बाजूला न्यायचं, असा प्रस्ताव होता. गावोगाव जनसुनावण्या लागल्या. लोकांचं ऐकायला बसलेल्या अधिकारी मॅडम म्हैसूरकडच्या, त्यांना मराठी येत नव्हतं. आमच्याकडं बहुतेकांना कन्नड येतं, पण रानाचा, जमिनीचा विषय निघाला की माणूस घरच्या भाषेत शिरतो. लोकांचं मी कन्नडमध्ये सांगायची. मॅडमचं मराठीत सांगायला शिवानंद होता, धारवाडकडचा, बेळगावातल्याच शहापूरच्या मराठी मुलीशी लग्न करून मराठी शिकलेला.

*

पहिल्याच सुनावणीत कंपनीच्या मॅनेजरनं समजावलं की पाईप जमिनीखालून जाणार, वर खुशाल पीक घ्या. फक्त पाईपाच्या पट्ट्यात मोठं झाड लावायचं नाही, विहीर खणायची नाही, घर बांधायचं नाही. जमीन मात्र तुमच्याच नावावर राहणार.

एक शेतकरी उठले. "म्हंजे मालक मीच, आणि पाहुणा पण मीच."

हॉल हसला. ते हसले नाहीत. ते उभेच राहिले, तसं एकेकाचं हसू आटलं. मॅडमनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्याही हसल्या नाहीत.

*

बोरगावजवळचे दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवरून आले. थोरल्याचं म्हणणं, लाईन येऊ द्या, पोरांना काम मिळेल. धाकट्याचा विरोध. त्यानं माईक हातात घेतला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "आण्णाला आमचा बाप जिता असता तर हे बोलायचं धाडस झालं नसतं."

थोरला खुर्चीवरून उठला. त्याच्यामागोमाग दोन्ही बाजूंची माणसं उठली, दारातले पोलीस आत आले. मला हे सगळं मॅडमना कन्नडमध्ये सांगायचं होतं, तेही आवाज न चढवता. शेवटी थोरला खाली बसला.

सुनावणी संपली. थोरला पायीच गावाकडं निघाला. धाकट्यानं गाडी काढली, त्याला ओलांडून पुढं गेला, थांबला आणि मागं न बघता तसाच बसून राहिला. थोरला येऊन मागं बसला. गाडी गेली.

शिवानंद म्हणाला, "टीचर, ह्यांच्या जेवणाला पण आज बंदोबस्त लागणार."

*

एकदा माझ्यावरच शेकलं. एका तरुणानं रागाच्या भरात मॅडमना लागेल असं काहीतरी बोलून टाकलं. मी कन्नडमध्ये एवढंच सांगितलं की ह्यांचा प्रशासनावर विश्वास नाही. त्याला कन्नड चांगलं येत होतं. तो तिथंच ओरडला, "बाई पाणी घालून सांगतायत. कंपनीनं फोडलंय ह्यांना."

खुर्च्या सरकल्या. माणसं टेबलाकडं यायला लागली. ज्यांची मुलं माझ्या हाताखाली शिकली तेही त्यात होते, आणि माझ्याकडं बघत नव्हते. मला खरंच भीती वाटली.

तेवढ्यात शिवानंद उभा राहिला आणि त्यानं त्या तरुणाचं वाक्य जसंच्या तसं, शिवीसकट, खणखणीत कन्नडमध्ये म्हणून दाखवलं.

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि त्या तरुणाकडं बघून म्हणाल्या, "हे माझ्याबद्दल झालं. पाईपलाईनबद्दल काय?"

*

घाटातल्या एका गावात कंपनीनं तरुण इंजिनिअर पाठवला. डोंगराचे रंगीत नकाशे पडद्यावर दाखवून झाल्यावर एकानं विचारलं, पावसात दरड सुटली आणि पाईप फुटला तर तेल आमच्या ओढ्यात येणार का? लोक आरडाओरडा करायच्या तयारीनंच आले होते. मॅनेजर त्याला खुणा करत होता. इंजिनिअरनं पडद्याकडं बघितलं.

"येणार नाही असं मी नाही म्हणू शकत," तो म्हणाला.

कुणीच ओरडलं नाही. उलट त्याला चहा दिला.

पुढच्या सुनावणीला त्याच्या जागी दुसरेच साहेब आले. लोकांनी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणाले, आधी त्या खरं बोलणाऱ्या पोराला आणा.

*

शेवटची सुनावणी अगदी कड्याजवळच्या गावात होती. बंदोबस्त वाढवला होता. दारात कंपनीच्या निळ्या ड्रेसातले गार्ड उभे होते, त्यातला एक त्याच गावचा, महादेव. कंपनीत लागून त्याला थोडेच दिवस झाले होते आणि गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

त्याची आई, पार्वतीआक्का, माईकपाशी आली. सावकाश बोलायला लागली. मागं एका पावसाळ्यात डोंगर सुटला तेव्हा तिचं रान खाली गेलं, रानात गेलेला नवरा परत आला नाही. वेळ संपली तरी ती बोलतच होती. मॅनेजरनं महादेवला बोट दाखवून खूण केली, माईक काढून घे.

तो निघाला. त्याच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं उठून उभे राहिले. महादेव आईजवळ पोचला आणि हात पुढं करायचा सोडून नुसताच थांबला.

आक्कानं माईक सोडला नाही. त्यालाच विचारलं, "लाईन झाल्यावर तुझी ड्युटी कुठं रं?"

"हितंच. कड्याखाली," तो म्हणाला.

"पावसाळ्यात पण?"

"व्हय."

आक्का मॅडमकडं वळली. "लिवून घ्या म्याडम. त्या पायपाजवळ माझा पोरगा उभा असणार हाय."

मी कन्नडमध्ये सांगितलं. मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, हा पाठिंबा समजायचा की विरोध? शिवानंदनं तिला मराठीत विचारलं.

आक्कानं पोराची कॉलर सरळ केली.

"सांगितलं तेवढंच लिवा," ती म्हणाली, आणि जाऊन बसली.