मामांनी नाव घेतलेला पैलवान

माणसानं एखाद्या विद्येत किती पारंगत व्हावं याला काही मर्यादा असते. आमच्या हिच्या थोरल्या मामांनी चुकण्याच्या विद्येत ती केव्हाच ओलांडली आहे. कुस्तीत पैलवान असतात दोनच. डोळे मिटून एकाचं नाव घेतलं तरी निम्म्या वेळा बरोबर यावं. मामा डोळे उघडे ठेवून, अभ्यास करून, छातीवर हात ठेवून नाव घेतात आणि तो पैलवान पडतो. नुसता पडत नाही, आयुष्यात कधी पडला नव्हता असा पडतो. कोल्हापूरच्या आसपास जत्रेची मैदानं भरली की पैलवान मातीत उतरायच्या आधी "मामांनी कुणाचं नाव घेतलंय?" अशी चौकशी होते, आणि ज्याचं नाव घेतलेलं नसतं त्याच्या घरची माणसं निर्धास्तपणे भेळ खायला जातात.

मी मूळचा मिरजेकडचा. मुलगी बघायला गेलो तेव्हा हिच्या घरच्यांनी माझा पगार विचारला, शिक्षण विचारलं. मामा मात्र काही न विचारता खाली वाकून माझे पाय बघत होते. मग त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, दाबलं, आणि सगळ्यांसमक्ष निकाल दिला, "पोटऱ्या न्हाईत, खरं मनगट हाय. घरात पावण्यांचंच चालणार, लिहून घ्या." (इकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.) मामांचं मी स्वतः तपासून पाहिलेलं हे पहिलं भाकीत. त्याबद्दल अधिक काही लिहायचं तर आधी हिला विचारावं लागेल.

उचगावात मामांची शेती आहे आणि शेतीला लागून घर. अंगानं ते अगदी बेताचे, पण डावा कान मोडलेला. मातीत घासून घासून पैलवानाचा कान जसा चुरगळतो, थेट तसा. परगावच्या मैदानात अनोळखी माणसं तो कान बघतात आणि अदबीनं सरकून जागा देतात. हा कान लहानपणी म्हशीनं गोठ्याच्या भिंतीशी दाबला त्यात मोडला, ही माहिती मामींकडून मिळते, तीही त्यांचा मूड असेल तर. मामा स्वतः खोटं बोलत नाहीत. कुणी "कुठल्या तालमीचं म्हणायचं?" असं विचारलं, तर ते लांब कुठंतरी बघतात आणि म्हणतात, "जुनी गोष्ट झाली ती." म्हैस खरोखरच जुनी होती.

मामांच्या अभ्यासात मात्र खोट काढायला जागा नाही. मैदान जवळ आलं की चौकात पैलवानांचे फोटो असलेला मोठा फ्लेक्स लागतो. लोक त्यावरून अंदाज बांधतात. मामांना ते पोरकट वाटतं. "फोटोत समदेच जिंकलेलं असत्यात," ते म्हणतात, आणि लुना काढून तालमी हिंडायला लागतात. पैलवान चालतो कसा, थंडाईचा तांब्या एका दमात रिकामा करतो की टेकवत टेकवत, जोर मारून झाल्यावर बसतो की फिरतो, हे सगळं ते कोपऱ्यात बसून टिपतात. पण त्यांचा खरा भर झोपेवर. "झोपल्याला पैलवान खोटं बोलत न्हाय, पावणं." एकदा ते मला पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका तालमीत घेऊन गेले. दुपारची वेळ, पैलवान खुराक खाऊन आडवा झालेला. मामा त्याच्या उशाशी उकिडवे बसले आणि त्याच्या नाकाजवळ कान नेऊन श्वास ऐकत राहिले. तो गडी एकाएकी जागा झाला, तर डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर मोडका कान. एवढा धिप्पाड माणूस, पण अशी किंकाळी फोडली की तालमीतली कबुतरं उडाली. मामांनी बाहेर येऊन सांगितलं, "श्वास पक्का हाय. हाच मारणार." दुसऱ्या दिवशी तो खडाखडीतच, म्हणजे नुसते हात अजमावतानाच, पडला. त्याच्या वस्तादांचं म्हणणं, पोरगं त्या दुपारपासून झोपलंच नव्हतं.

टीव्हीवर परदेशातली चकचकीत कुस्ती लागते, तीही मामा सोडत नाहीत. त्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याच कार्यक्रमाचे निकाल सांगायला बसले. एकही बरोबर आला नाही. "ठरवणाऱ्याचं चुकलं," मामा म्हणाले. पुढं एका रविवारी तोच कार्यक्रम पुन्हा लागला. मामांनी तो आधी पाहिलेला होता, मीही पाहिलेला होता. तरी ते पुन्हा त्याच पडलेल्या लालचड्डीवाल्याच्या मागं उभे राहिले. मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो, तेव्हा म्हणाले, "आज जरा तयारीत दिसतोय की."

आणखी एक अडचण आहे. घर जैनांचं, आणि मामा दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. मैदानातली मोठी कुस्ती नेमकी दिवस मावळायच्या सुमारास लागते. त्यामुळे मामी त्यांच्याबरोबर डबा देतात, आणि इकडे हलगी कडाडत असते, लोक उठून उभे राहिलेले असतात, तेव्हा मामा मांडीवर डबा उघडून घाईघाईनं भाकरी मोडत असतात. अर्ध्या मोठ्या कुस्त्यांचे निकाल त्यांनी बघितलेलेच नाहीत. घास तोंडात असताना गलका होतो, मान वर करावी तर मामांचा पैलवान पाठीवर. याचा त्यांना फार आधार आहे. "मी बघितलं न्हाय, म्हंजे कायतरी घोटाळा झाला आसणार," असं ते परतीच्या वाटेवर बिनधास्त म्हणू शकतात.

मैदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तालमीसमोरच्या चहाच्या गाड्यावर मामा एकेका जोडीचा निकाल सांगतात. पूर्वी लोक हसायला जमायचे. मग हळूहळू ऐकायला जमायला लागले, आणि हसण्यापेक्षा ते वाईट ठरलं. एकदा एक वस्ताद केळ्यांचा अख्खा घड घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "मामा, आमच्या पोराचं नाव तेवढं घेऊ नका. गरिबाचं पोरगं हाय." मामांचा चेहरा पडला. आवाज चढवून ते म्हणाले, "म्हंजे मी काय पनवती हाय व्हय?" वस्ताद नम्रपणे म्हणाले, "तसं कोण म्हणतंय? खरं नाव घेऊ नका." त्या दिवशी मामा गाड्यावर चढ्या आवाजात खूप बोलले, घरी येऊन दिवस असतानाही जेवले नाहीत, आणि केळी मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली.

आपण चुकतो हे मामांनी कधीही कबूल केलेलं नाही. त्यांचा अंदाज बरोबर असतो, कुस्ती चुकते. हे म्हणणं मानणारं माणूस साऱ्या पंचक्रोशीत एकच, त्यांची नात अक्षता. पोरगी लहानपणापासून लुनावर पुढं उभी राहून त्यांच्याबरोबर तालमी हिंडली. बाकीचे हसायचे तेव्हा ती फणकारून म्हणायची, "एकदा येतंय बघा अज्जाचं बरोबर, मग तोंडं बघतो तुमची." कोल्हापुरातल्या पोरींसारखी ती 'बघतो', 'जातो' असंच बोलते. हिंडता हिंडता तिनं स्वतःच लांग कसली आणि मातीत उतरली. मामांनी तालमीतली तिची एकही मेहनत बघायची चुकवली नाही. तिचा ढाकेचा डाव बघून ते मला म्हणायचे, "समोरची एकदा हिच्या कमरंवर आली का संपलं. असली ढाक मी कुणाचीच बघितल्याली न्हाय."

गेल्या जत्रेच्या हंगामात पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावच्या मैदानात अक्षताची कुस्ती नेमली गेली. फ्लेक्सवर तिचा फोटो पहिल्यांदाच लागला. समोर वारणानगरची एक नावाजलेली पोरगी. घरात आनंद झाला तो जेमतेम चहा होईपर्यंत. मग सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. शेवटी मामींनी भाकरी थापता थापता तोंड उघडलं, "एवढ्या खेपंला तिचं नाव घेऊ नका."

"मग काय खोटं सांगू?" मामा म्हणाले. "मला दिसतंय की तीच मारणार. आजवर कंदी एवढं सोच्छ दिसलं न्हवतं."

"म्हणून तर म्हणतोय," मामी म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

मामा उठून गोठ्यात गेले. कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी गाड्यावर मी त्यांच्याबरोबर होतो. एकेक जोड सांगत ते मुलींच्या कुस्तीपाशी आले आणि थांबले. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मामांनी त्या मोडक्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "वारणेची पोरगी मारणार."

कुणी हसलं नाही. उभ्या जन्मात आपण बरोबरच असतो म्हणणाऱ्या माणसानं, आपण कायम चुकतो हे चार लोकांत मान्य केलं होतं, आणि ते कशासाठी हे चहावाल्यालासुद्धा कळलं होतं. त्यानं त्या दिवशी मामांना अर्धा कप जादा दिला. मला मामांचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. गाड्यावर कुणीतरी मोबाईल धरलेलाच असतो. आम्ही घरी पोचायच्या आत ते भाकीत अक्षताच्या फोनवर पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसली. एरवी ती मागं, अज्जाशेजारी बसते.

कुस्ती दिवस कलताना लागली. मामांनी डबा उघडला नाही. मी म्हटलं, "मामा, दिवस जातोय, खाऊन घ्या." ते मातीवरून नजर न काढता म्हणाले, "बघू द्या की." पोरी भिडल्या. अक्षतानं दोनदा सुटका करून घेतली, मग संधी साधून ढाकेला आत शिरली. समोरची कमरेवर आली. मामा अर्धवट उठले. पण वारणेची पोरगी त्याच क्षणी घसरून मागं गेली, पाठीवर स्वार झाली, आणि बघता बघता अक्षताचे दोन्ही खांदे मातीला लागले. मामांनी हा निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत, डोळे उघडे ठेवून पाहिला.

आणि मग गलका झाला तो मामांसाठी. "मामांचं बरोबर आलं!" कुणीतरी ओरडलं. निवेदकानं माईकवरून पुकारा केला, हलगीवाला नाचत आला, आयोजकांनी मामांना ओढत आखाड्याच्या कडेला नेलं आणि डोक्यावर फेटा बांधला. लोक शिट्ट्या मारत होते. त्यात वाईट बुद्धी कुणाचीच नव्हती. इतकी वर्षं चुकलेल्या माणसाचं एकदा तरी बरोबर आलं, याचा त्यांना खराखुरा आनंद झाला होता. मामा फेट्याखाली उभे होते आणि घळाघळा रडत होते. लोकांना वाटलं, म्हातारा भारावला.

परतताना दिवस मावळला होता. फेटा मामांच्या मांडीवर, डबा भरलेला. अक्षता या वेळी मागं बसली होती, केसांत अजून माती. मग मामा म्हणाले, "अक्षे, तू जिंकावंस म्हणून मी..."

"म्हाईत हाय की मला," ती म्हणाली. "न कळायला मी काय येडी हाय?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अज्जा, तुम्ही माझं नाव घेतलं असतंसा तरी मी हरलोच असतो. ती भारी हाय माझ्यापेक्षा. खरं मातीत उतरताना वाटलं, सगळी म्हणत्यात ते आता तुम्हीपण मानलंसा. मी एकटाच राहिलो."

मामांनी फेटा सोडला आणि त्याच्या पदरानं तिच्या कानामागची माती पुसायला लागले. "तुझा कानबी मोडायला लागलाय बघ," ते म्हणाले. "खरोखरचा."

आता मामा थकले आहेत. लुना चालवायला मामींनी बंदी घातली आहे. मैदान असलं की मीच त्यांना गाड्यावर घेऊन जातो, आणि त्यांची भाकितं पूर्वीसारखीच, इमानदारीत चुकतात. अक्षता तिकडं हरियाणात शिकायला गेली आहे, कधी जिंकते, कधी हरते, आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी न चुकता फोन करून विचारते, "कोण मारणार, अज्जा?" परवाच्या मैदानाआधी मामांनी सगळ्या जोड्या सांगून झाल्यावर शेवटी म्हटलं, "आणि पोरींच्यात आमची अक्षी."

चहावाला अवघडून म्हणाला, "मामा, ह्या मैदानात तिची कुस्तीच न्हाय."

"नसंना का," मामा म्हणाले. "लागली तर तीच मारणार."