ड्रॉवरातल्या गोळ्या

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. फेकणं म्हणून ठाऊक नाही माणसाला. मोडक्या घड्याळाचा स्क्रूसुद्धा ड्रॉवरात जातो, "असू दे, कामाला येतो." दुखणं बरं झालं की उरलेल्या गोळ्याही त्याच ड्रॉवरात. तीस वर्षं कानीकपाळी ओरडले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग ह्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. केमो सुरू करतानाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ताप आला की घरी काही घ्यायचं नाही. तडक इकडे यायचं." ह्यांनी मान डोलावली. आणि ताप आला तेव्हा दुकानात बसून जुन्या पाकिटातल्या गोळ्या गिळल्या, दोन दिवस. ताप उतरला, गोळ्या बंद. मला पत्ताच नाही. चौथ्या दिवशी अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले.

दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी काही घेतलं होतं?" ह्यांनी नजर चुकवली तेव्हाच मी ओळखलं. तशीच रिक्षाने दुकानात गेले, ड्रॉवरच उचलून आणला आणि बाईंच्या टेबलावर उपडा केला. काटे, स्प्रिंगा, आणि त्यात चार तऱ्हेच्या अँटिबायोटिक गोळ्या.

बाई पाकिटं निवडत म्हणाल्या, "अर्धवट घेऊन घेऊन जंतू ह्या गोळ्यांना सरावलेले असणार. ह्या जातीचं औषध नको." त्यांनी वेगळंच सलाइनमधून सुरू केलं. कुठलं औषध चालेल हे सांगणारा रक्ताचा रिपोर्ट यायला दोन दिवस होते. ते दोन दिवस मी ह्यांचा हात धरून बसले होते आणि मनात ह्यांना शिव्या घालत होते. फार भ्यायले होते मी.

रिपोर्ट आला. ड्रॉवरातलं एकही औषध चाललं नसतं; बाईंनी दिलेलं चालत होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा हे पुटपुटले, "बघ, ड्रॉवर कामाला आला."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," मी म्हटलं. "तुमची मात्र मी तुम्ही जिवंत असतानाच घालवणार आहे."

महिन्याभराने मी भाजी चिरत होते. हे भरदुपारी दुकान बंद करून दारात उभे. हातात थर्मामीटर.

"ताप आहे," म्हणाले. "काही घेतलं नाही. चल, निघू या."

नवऱ्याला ताप आला म्हणून कुणाचा जीव भांड्यात पडतो का? माझा पडला. विळी तशीच टाकून मी चप्पल घातली.